खाऱ्या रानातली कोळंबी

लग्नकार्यात नवी ओळख झाली, की एक प्रश्न ठरलेला असतो. "तुम्ही कुठं होता नोकरीला?" मी सांगते, समुद्रविज्ञानाच्या प्रयोगशाळेत. "आणि गाव कुठलं?" सांगलीजवळचं. मग समोरची बाई माझ्याकडं अशी बघते, की जणू मी कृष्णेला भरती-ओहोटी आणायच्या खात्यात होते. एका विहीणबाईंनी तर सरळच विचारलं, "मग रोज जायला लांब पडत नव्हतं का?" पडत होतं की. म्हणून तर कोकणात खोली घेतली आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले.

समुद्र पहिल्यांदा बघितला तो नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा. एसटीतून उतरले, पिशवी वाळूवर ठेवली, ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखलं. खारट असतं हे शाळेत पाठ केलेलं होतं, पण पाठ केलेलं आणि जिभेवर आलेलं यात लय फरक असतो. शेजारी एक कोळीण जाळं निवडत बसली होती. ती म्हणाली, "काय गो, मीठ बरोबर आहे ना?" मी म्हटलं, जरा जास्त झालंय. तेव्हापासून पाणी दिसलं की चाखायची सवय लागली ती लागलीच.

संशोधन सहायक म्हणजे नक्की काय, ते आधी सांगून टाकते. शास्त्रज्ञ विचार करतो आणि सहायक बाटल्या धुतो. हसू नका, बाटली धुणं ही सोपी गोष्ट नाही. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा, त्याच पाण्यानं ती आधी खळबळून घ्यायची, नाहीतर कालच्या खाडीचं पाणी आजच्या खाडीत मिसळतं आणि वर शास्त्रज्ञ त्यावर निबंध लिहितो. त्याशिवाय बोटीतून जाऊन पाणी काढणं, सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडून डोळ्यांना न दिसणारे जीव ओळखणं, टाक्यांतल्या माशांना खायला घालणं, मेलेले वेचणं आणि का मेले ते शोधणं. शेवटचं काम मला सगळ्यात आवडायचं. मरणाची आवड होती असं नाही, पण जिवंत मासा काही सांगत नाही, मेलेला सांगतो.

आमचे साहेब कामतसर पाण्याच्या रसायनशास्त्रातले. शांत माणूस, मोजकं बोलणारा. प्रयोगशाळेत काही तोंडात घालायचं नाही हा त्यांचा पहिला नियम, म्हणून मी चाखायचं काम बोटीत उरकून घ्यायची. त्यांना ठाऊक होतं. एवढंच म्हणायचे, "बाई, जीभ जपा. तिचा दुसरा संच सरकार देत नाही."

माझ्या वाट्याला एक वेगळं खातं आपोआप आलं. घाटावरून कुणी चौकशी करत आलं, की दारावरचा शिपाई ओरडायचा, "बाई, तुमचं माणूस आलंय." एकदा पाटणच्या वरच्या अंगाच्या खेड्यातले निवृत्त हवालदार लोणच्याची बरणी घेऊन आले. बरणीत नदीचं पाणी. म्हणाले, "आमच्या डोहात छत्रीवाणी जनावर हाय. रुपायाएवढं. आरपार दिसतंय. मी पोस्टिंगला समुद्र बघितलाय, ह्यो समुद्रातलाच जीव हाय." बरणीत काहीच नव्हतं. आमच्या तरुण मंडळींना हसू आवरेना. हवालदार मात्र सावधानमध्ये उभे. "सकाळी व्हता. वाटंत विरघळला. मी खोटं बोलत न्हाई."

विरघळला म्हटल्यावर माझे कान टवकारले. जेलीफिश मेली की तशीच पाण्यात विरघळून जाते, आणि खोटं सांगणाऱ्याला एवढा बारकावा सुचत नाही. पुढच्या उन्हाळ्यात सुट्टी काढून मी त्यांच्या गावी गेले. डोहाच्या काठावर पालथं पडून बघितलं तर नितळ पाण्यात इवल्या इवल्या छत्र्या उघडत होत्या, मिटत होत्या. गोड्या पाण्यातली जेलीफिश. कामतसरांनी पुस्तकं काढली, तर सह्याद्रीच्या नद्यांत ती असते अशी नोंद आधीपासून होतीच, आमच्यापैकी कुणी वाचली नव्हती एवढंच. हवालदारांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे आमीच समुद्राच्या आधीचं म्हणा की." तेव्हापासून घाटावरून आलेल्या माणसाला प्रयोगशाळेत कुणी हसलं नाही. निदान तोंडावर.

म्हणूनच बापू आले तेव्हा त्यांना आधी चहा मिळाला.

बापू म्हणजे कृष्णाकाठच्या एका गावचे शेतकरी. माझं माहेर तिथून दोन गावं सोडून. साठी उलटलेली, पांढरी टोपी, हातात तेलाचा जुना डबा. डबा टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, हे समुद्राचं पाणी हाय."

"कुठल्या समुद्राचं?"

"माझ्या रानातल्या."

आता हे खारं रान काय प्रकरण आहे, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडं नदी आहे, पाणी उपसायच्या मोटारी आहेत आणि ऊस आहे. जितकं जास्त पाणी तितका जास्त ऊस, असं धरून दोन पिढ्यांनी रानं भिजवली. काळी माती पाणी सोडत नाही. जमिनीच्या पोटातलं मीठ त्या पाण्याबरोबर वर आलं आणि उन्हात पांढरं फटक होऊन बसलं. माझ्या वडिलांचंही रान असंच गेलं. एक वर्ष ऊस गुडघ्यापर्यंत आला, पुढच्या वर्षी उगवलाच नाही. वडील रानात जायचे, पांढरी माती मुठीत घ्यायचे, हुंगायचे आणि हात झटकून परत यायचे. ते रान आम्ही विकलं. त्या दिवशी वडील जेवले नाहीत आणि नंतर त्या वाटेनं कधी गेले नाहीत. त्यामुळं बापूंनी डब्याचं झाकण काढलं तेव्हा मला त्या पाण्याचा वास ओळखीचा वाटला.

बापूंनी कुठल्याशा कृषी मेळाव्यात ऐकलं होतं, की उत्तरेकडं असल्या खाऱ्या रानात तळी काढून कोळंबी वाढवतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "ऊस न्हाई तर न्हाई. समुद्रातलं काय जगंल का ह्यात, तेवढं सांगा. माझ्याकडं येळ कमी हाय."

वेळ का कमी होता, तेही त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा विजय पुण्याला कंपनीत. चांगला पोरगा, आईबापांना घेऊन जायला तयार. रस्त्याला लागून असलेलं हे खारं रान विकावं म्हणून त्यानं गिऱ्हाईक आणलं होतं. त्या गृहस्थाला मुरूम टाकून मंगल कार्यालय आणि लॉन करायचं होतं. जिथं हरळी उगवत नव्हती तिथं लॉन. पण पैसे रोख देत होता. बापूंनी मुलाकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. येत्या भाद्रपदात गौरी-गणपती झाले, की पितृपंधरवडा लागायच्या आत एकतर रानातून काहीतरी निघालेलं दिसायला पाहिजे, नाहीतर सही.

कामतसरांनी पाण्याचा थेंब यंत्राच्या काचेवर ठेवून डोळा लावला. खारेपणा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश. "चालेल," ते म्हणाले, "खाडीत असंच असतं." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन चाखलं. खारट होतंच, मागून एक कडवटपणा येत होता. सरांना सांगितलं. ते म्हणाले, "सांगलीचं पाणी आहे, थोडं कडू बोलणारच." माझ्याकडं बघून म्हणाले, हे मला समजलं.

आमच्या योजनेत प्रयोगासाठी पैसे होतेच. बापूंच्या रानात तळं काढायचं ठरलं आणि देखरेखीला मी. इतकी वर्षं समुद्राकाठी काढून मी परत माझ्याच मुलखात आले, तेही मीठ मोजायला. खड्डा घेतला तसं पाणी आपसूक वर आलं. हवा खेळवायला पाणी उडवणारं चक्र बसवलं, बगळ्यांसाठी वर जाळी ताणली आणि होळीनंतर किनाऱ्यावरच्या उबवणी केंद्रातून कोळंबीची पिल्लं आली. प्राणवायू भरलेल्या पिशव्या, त्यात पापणीच्या केसाएवढी पिल्लं. अख्खं गाव बांधावर जमलं. एकानं विचारलं, "ह्यास्नी ऊस घालायचा का?" दुसरा म्हणाला, "गड्या, ऊस असता तर ह्यास्नी कशाला आणलं असतं?"

बापूंची बायको सुलाकाकी मात्र आली नाही. काकींच्या गळ्यात तुळशीची माळ. माळ घातलेलं माणूस मासमच्छीला शिवत नाही. त्यांनी मला घरी ठेवून घेतलं, रोज भाकरी-भाजी केली, पण पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "बाई, तू आमची लेक म्हणून हाईस. पन त्या तळ्याकडं मला बलवू नगंस. मारायसाठी जीव वाढवायचा, हे मला न्हाई झेपत." तळ्यातून आल्यावर बापूंनी आणि मी विहिरीवर पाय धुऊन, कपडे बदलून मगच उंबरा ओलांडायचा, असा दंडक होता. कोळंबीच्या खाद्याचं पोतं गोठ्याच्याही पलीकडं. त्याचा वास म्हशीला लागतो, असं काकी म्हणायच्या. म्हशीची तक्रार नव्हती.

पहिले काही दिवस झकास गेले. तळ्यात ताटाएवढी जाळीची परडी सोडून ठेवतात, तिच्यात थोडं खाद्य टाकतात. काही वेळानं वर काढली की कळतं, जेवण संपलं का नाही. बापू परडी वर काढायचे आणि रिकामी बघून खूश व्हायचे. फौजेतला भाचा लांबच्या सुट्टीवर आला होता त्याला म्हणाले, "तुमच्या पलटणीपरास शिस्तीत जेवत्यात."

मग अमावास्या आली. कोळंबी वाढते म्हणजे अंगावरचं कवच टाकते, साप कात टाकतो तसं, आणि नवं कवच घट्ट होईपर्यंत मऊ, नाजूक असते. अमावास्या-पुनवेच्या सुमाराला एकदम पुष्कळ जणी कवच टाकतात. सकाळी बापू तळ्यावर गेले आणि हाक न मारता परत आले. चेहरा बघूनच मी धावले. परड्यांत, कडेला, तळाशी मेलेली कोळंबी. मऊच्या मऊ. शेपटीचं मांस दुधासारखं पांढरं झालेलं आणि अंग वाकडं, पेटका आल्यासारखं. दोनचार दिवसांत तळं रिकामं झालं.

रोगाची लक्षणं नव्हती. हवा पुरेशी होती, खारेपणा होता तेवढाच. मी मेलेल्या कोळंबी आणि तळ्याचं पाणी घेऊन कोकण गाठलं. कामतसरांनी या वेळी पाण्यातला एक एक क्षार वेगळा मोजला. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं आणि स्वतःच्या कपाळावर बोट आपटलं.

"बाई, आपण समुद्राची माणसं. खारं दिसलं की समुद्र समजलो."

झालं होतं असं. समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, मिठाच्या प्रमाणात पोटॅशही असतं. जगातल्या कुठल्याही समुद्रात जा, माप तेच. त्यामुळं आम्ही जन्मात कधी ते वेगळं मोजलं नव्हतं. बापूंच्या रानात मीठ मुबलक, पोटॅश जवळपास नाहीच. पोटॅश नसलं की कोळंबीचे स्नायू आखडतात आणि कवच टाकायच्या वेळी ती मरते. मी चाखलेल्या कडवटपणाचं कारण मॅग्नेशियम निघालं आणि त्याचा या मरणाशी काडीचा संबंध नव्हता. जिभेचा मला जरा अभिमान होता, तो त्या दिवशी उतरला.

उपाय तर गावातल्या कुठल्याही खताच्या दुकानात पोत्यात भरलेला. तेच लालसर पोटॅश, जे उसाला टाकतात. पाण्यात विरघळवून तळ्यात सोडायचं. वैशाखात नवी पिल्लं घेऊन मी परत गेले. आधी खात्री करायची म्हणून गोठ्याच्या मागं दोन टब मांडले. दोन्हींत त्याच तळ्याचं पाणी, दोन्हींत पिल्लं. एकात पोटॅश, एकात नाही. बाकीची पिल्लं तोवर समुद्रासारखं पाणी बनवून भरलेल्या टाकीत. बापू म्हशीची धार काढून आले, की आधी टबात डोकावायचे. पोटॅश नसलेल्या टबातली एक एक करून आडवी झाली. दुसऱ्यातली टुणटुण उड्या मारत होती. मला इतका आनंद झाला, की मी तिथंच पोत्यावर बसले आणि म्हणाले, "बापू, सापडलं. आता पोटॅश आणा आणि तळ्यात सोडा."

बापू टबातलं पाणी बघत राहिले. मग म्हणाले, "ते तेवढं सोडून सांगा ताई."

मला काही कळेना. त्यांनी सांगितलं ते असं. रान बिघडलं त्या सालचा शेवटचा ऊस त्यांनी गुऱ्हाळाला घातला होता. गूळ झाला, ढेपा सांगलीच्या पेठेत नेल्या. अडत्यानं कोपरा मोडून जिभेवर ठेवला आणि सगळ्यांसमोर थुंकला. खाऱ्या रानातल्या उसाचा गूळ खारट होतो. "चार माणसांत म्हणला, बापू, हे बैलास्नी बी घालू नगा. त्याच ढेपा गाडीत घालून परत आणल्या. तसाच बिरोबाच्या देवळात गेलो, बेलभंडारा उचलला. म्हणलं, ह्या हातांनी लय पोती वतली, लय पाणी पाजलं, ह्या हातांनीच रान मारलं. हितनं पुढं ह्या रानात खताचं पोतं फोडणार न्हाई."

देवळातला बेल आणि भंडारा हातात घेऊन आमच्याकडं माणूस जे बोलतो, ते मागं घेत नाही. कोर्टात खोटं बोलतील, तिथं नाही. तरी मी वाद घातला. हे खत पिकाला नाही, पाण्याला आहे. मीच सोडते, तुम्ही बघूही नका. बापू म्हणाले, "पाव्हण्याच्या हातानं माझी शपत मोडायची? लोक काय, देव बी हसंल."

कामतसरांना फोन केला. ते म्हणाले, "शपथ विरघळवणारं रसायन माझ्याकडं नाही, बाई."

टाकीतली पिल्लं फार दिवस तिथं मावणार नव्हती. बापूंनी ती तळ्यात सोडायला लावली, मी नको म्हणत असताना. देवानं जगवलं तर जगतील म्हणाले. अमावास्या जवळ येत होती. मला वडिलांचं रान आठवत होतं आणि बापूंचा रागही येत होता, आणि राग धरावा असं त्यांनी काही केलंही नव्हतं. ज्यानं एवढं प्रामाणिकपणे स्वतःच्या हातांना दोष दिला, त्याला मी कुठल्या तोंडानं सांगणार होते की शपथ मोड.

संध्याकाळी जेवायला बसलो. काकींनी विचारलं, "का मरणार म्हणता ती पिल्लं?" मी सांगितलं. पेटका येऊन मरतात. अंगावरची जुनी साल टाकताना.

"बाळतपणात बाई जाती, तसंच की मग," काकी म्हणाल्या.

मी म्हटलं, तसंच म्हणा.

काकींनी तव्यावरची भाकरी उलटली. मग नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "आवं, भंडारा कुणी उचलला व्हता?"

"मी."

"मला इचारलं व्हतं?"

बापू ताटातली भाकरी मोडत राहिले.

"सातबाऱ्याला माझं बी नाव हाय. रान बिघडवताना मला इचारलं न्हाई, शपत घेताना इचारलं न्हाई. पोरगं रान इकाय निघालं, त्यानं बी न्हाई इचारलं. शपत तुमची हाय, तुमी पाळा. माझी न्हाई."

"अगं पन तुझी माळ?"

"माळ मारू नगं म्हणती. जगवू नगं असं कुठं म्हणती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलाकाकी पहिल्यांदा तळ्यावर आल्या. नाकाला पदर लावलेला. दुकानातून पोटॅश भाच्यानं आणलं होतं. काकींनी पोत्याची शिवण स्वतः उसवली, पिंपात पोटॅश कालवलं आणि तांब्यातांब्यानं तळ्याच्या चारी कडांनी सोडलं, अंगणात सडा घालतात तसं. बापू लांब पाठ करून बसले होते. पोतं रिकामं झालं तसं काकींनी घडी घालून बगलेत मारलं आणि म्हणाल्या, "झालं. आता तुमी तुमच्या पलटणीला जेवाय घाला. त्या खाद्याच्या पोत्याला मी हात लावायची न्हाई."

तेव्हापासून कामाची वाटणी पक्की झाली. खाद्य बापूंचं, पोटॅश काकींचं. काळी माती पोटॅश गिळून टाकते, त्यामुळं ते पुन्हा पुन्हा सोडावं लागतं. पावसानं पाणी पातळ झालं की पुन्हा मोजायचं, पुन्हा सोडायचं. मी नमुना घ्यायची, सरांना फोनवर आकडा सांगायची, त्यांनी सांगितलेलं माप काकींना पायलीत सांगायची. कधी कधी वाटायचं, माझ्या सगळ्या नोकरीतली सगळ्यात चांगली प्रयोगशाळा हीच. एक सहायक शपथेमुळं अर्ध्या कामाला हात लावत नाही, दुसरी माळेमुळं उरलेल्या अर्ध्याला, आणि तरी काम पूर्ण होतंय. अमावास्या आली आणि गेली. सकाळी तळ्याच्या कडेला टाकलेली रिकामी कवचं तरंगत होती, काचेसारखी, आणि परडीत अंगानं थोराड झालेली कोळंबी. बापूंनी एक कवच तळहातावर घेतलं आणि बराच वेळ बघत बसले.

पुढचं सगळं गोड गोड झालं असं मात्र समजू नका. या प्रयोगानं सगळी खारी रानं सुधारतील, असं तेव्हा मला वाटलं होतं आणि ते खरं नव्हतं. तळ्यातलं खारं पाणी शेवटी सोडायचं कुठं, शेजाऱ्याच्या चांगल्या रानात तर नाही, हा प्रश्न सोपा नाही. वीज लागते, लक्ष लागतं, रोग आला की एका आठवड्यात होत्याचं नव्हतं होतं. योजना संपली तसा आमचा मुक्काम हलला. आजही गावाकडचं कुणी भेटलं की विचारतं, "ताई, आमच्या रानात बी कराय येईल का?" आणि मला दहातल्या नऊजणांना नाही म्हणावं लागतं. तेवढं अजून खुपतं. पण त्या वर्षीच्या कोळंबी काढायच्या दिवसाचं सांगते आणि थांबते.

गौरी-गणपती जाऊन पाणी जरा निवळलं होतं. सकाळीच विजय पुण्याहून आला. त्याच्याबरोबर लॉनवाले गृहस्थ, पेढ्यांचा पुडा घेऊन. बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. पाटाच्या कडेला बर्फाचा टेंपो उभा. चौघांनी तळ्यात उतरून जाळं ओढायला घेतलं, बापू पुढं. जाळं कडेला आलं तसं पाणी उकळल्यासारखं झालं. बोटाहून जाड कोळंबी, उड्या मारणारी. बांधावर बायका-पोरं, म्हातारी माणसं, सगळी पाण्याच्या कडेला सरकली. विजय बूट काढून पाण्यात उतरला.

टेंपोबरोबर आलेला व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, माल दिसायला चांगला आहे, पण गोड्या मुलखातला आहे, चव बघू. त्यानं स्टोव्हवर पातेलं चढवलं, मीठ न घालता मूठभर कोळंबी उकडली. एक स्वतः घेतली, एक माझ्यापुढं धरली. मी खाल्ली. सवयीप्रमाणं डोळे मिटून, सावकाश.

डोळे उघडले तर समोर सुलाकाकी. नाकाला पदर, आज काही सोडायचं नव्हतं तरी हातात पोटॅशचं रिकामं पोतं. पातेल्यापासून चार हात लांब उभ्या होत्या. माझ्या तोंडाकडं बघत होत्या. सगळ्यांच्या देखत पेठेत थुंकलेला तो गुळाचा तुकडा त्यांनी पाहिला नव्हता, पण इतकी वर्षं तो त्यांच्या घरात होता. हळूच म्हणाल्या, "खरं सांग पोरी. खारट हाय?"

"न्हाई काकी," मी म्हटलं, "गोड हाय."

"माझ्यासाठी म्हणतीस?"

"जिभेची शपत. गोड हाय."

काकींनी नाकावरचा पदर खाली घेतला. थोडा वेळ पांढऱ्या रानाकडं बघितलं. मग तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या बापूंना हाक मारून म्हणाल्या, "आवं, ऐकलं का? ही म्हणती, गोड हाय. त्या खुर्चीतल्या पाव्हण्यास्नी च्या पाजा आन वाटंला लावा. माझी सही व्हायची न्हाई."